कॅमेऱ्याची चौकट आणि पेढीचा शब्द

महाराष्ट्राबाहेर नोकरीत आयुष्य काढलेल्या मंडळींच्या घरी दोन वस्तू हटकून सापडतात. एक बदलीच्या वेळी उघडायची पत्र्याची ट्रंक, आणि दुसरी त्या ट्रंकेच्या तळाशी मऊ कापडात गुंडाळून ठेवलेला कॅमेरा. मुलखापासून दूर राहणाऱ्या माणसास आपण कोठे होतो आणि कसे होतो याचा काही पुरावा गावाकडे पाठवावासा वाटतो. त्यातूनच हा छंद जडत असावा. मध्यंतरी अशाच एका स्नेह्यांचे पत्र आले. निवृत्ती जवळ आली आहे, आरसा नसलेला म्हणजे मिररलेस जातीचा एक चांगला कॅमेरा आणि दोन-तीन लेन्स घ्यावयाचे मनात आहे. मुलगा म्हणतो 'फुल फ्रेम'च घ्या, दुकानदार म्हणतो 'एपीएस-सी' पुरे, आणि कचेरीतले एक सहकारी 'मायक्रो फोर थर्ड्स'ची शपथ घेतात. यांतले खरे माप कोणते? आणि ज्या कंपनीच्या भरवशावर निवृत्तीच्या पैशांतला एवढा भाग गुंतवावयाचा, ती दहा वर्षांनी आपल्याला ओळख देईल काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत देता आले असते. दुसऱ्याला मात्र इतिहासात शिरल्यावाचून उत्तर नाही, आणि शिरू लागलो तेव्हा आम्हांस दिसले की हे दोन्ही प्रश्न एकमेकांच्या पोटातच आहेत. म्हणून हा लेख.

आज सेन्सरची जी मापे दुकानात ऐकू येतात, ती कोणा शास्त्रज्ञाने गणित मांडून ठरविलेली आहेत असा पुष्कळांचा समज असतो. तसे काही नाही. नवे घर जुन्या जोत्यावर उठावे, तसे यांतले प्रत्येक माप आधीच्या एखाद्या वस्तूच्या जोत्यावर उठले आहे. आणि गंमत अशी की ती जुनी वस्तू बहुधा नामशेष झाली तरी जोते तेवढे राहिले. १८३९ साली दागेरची रीत पॅरिसमध्ये जाहीर झाली, तेव्हा त्याच्या चांदी चढविलेल्या तांब्याच्या पत्र्याचे माप साडेसहा इंच बाय साडेआठ इंच होते. तीच पुढे 'फुल प्लेट' झाली. तिचे भाग करून 'हाफ प्लेट' व 'क्वार्टर प्लेट' आल्या, आणि पत्रा जाऊन काच आली तरी ही नावे स्टुडिओंच्या दरपत्रकांत कित्येक दशके टिकून राहिली. काचेवरून कागदावर प्रत काढावयाची ती काच कागदाला टेकवूनच. तेव्हा चित्र जेवढे मोठे हवे तेवढी काच मोठी, आणि काच मोठी म्हणून कॅमेरा अवजड. छायाचित्रकाराबरोबर एक हमाल असणे हे त्या काळी ऐश्वर्याचे लक्षण नव्हते, ती गरजच होती.

या ओझ्यातून सुटका करणारा माणूस छायाचित्रणाच्या धंद्यातला नव्हता. जर्मनीतील वेट्झलर या गावी लाइट्झ नावाची सूक्ष्मदर्शक यंत्रे बनविणारी पेढी होती. ऑस्कर बार्नाक हा तेथला कारागीर. त्याला दम्याचा विकार होता आणि काचांचा कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्याला झेपत नसे. सिनेमासाठी ३५ मिलीमीटर रुंदीची, दोन्ही काठांना भोके पाडलेली फिल्म तेव्हा सर्वत्र मिळू लागली होती. ही रुंदीही एका योगायोगाची संतती: एडिसनच्या प्रयोगशाळेतील डिक्सन याने ईस्टमनची सुमारे ७० मिलीमीटरची फिल्म मधोमध चिरली, त्याचे हे फळ. सिनेमाच्या एका चित्राची चौकट १८ बाय २४ मिलीमीटर. बार्नाकने फिल्म उभी न चालविता आडवी चालविली आणि दोन चौकटींची जागा एका चित्रास दिली: २४ बाय ३६. १९१३-१४ च्या सुमारास त्याने असा एक छोटा कॅमेरा स्वतःसाठी घडविला. त्याच १९१३ च्या मे महिन्याच्या ३ तारखेस मुंबईत, गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात, दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. नाशिकच्या एका जिद्दी माणसाने आणि वेट्झलरच्या एका दमेकऱ्याने एकाच पट्टीवर, एकमेकांची वार्ताही नसताना, आपापला संसार मांडावा, या योगाचे आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले आहे.

युद्ध आले आणि तो नमुना तसाच पडून राहिला. १९२४ साली पेढीच्या मंडळींत साशंकता असताना धाकट्या एर्न्स्ट लाइट्झने हा कॅमेरा विक्रीसाठी काढावयाचा धोका पत्करला, आणि १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत तो 'लायका' या नावाने प्रकट झाला. जुन्या मंडळींनी नाके मुरडली. टपाल तिकिटाएवढ्या निगेटिव्हमधून काय दिसणार? परंतु बार्नाकचा हिशेब निराळा होता: निगेटिव्ह लहान ठेवावयाची आणि चित्र प्रकाशाच्या साहाय्याने मोठे करावयाचे. त्यासाठी भिंग चोख हवे, आणि सूक्ष्मदर्शकवाल्यांना चोख भिंगाचे काय नवल! १९४८ च्या ३० जानेवारीस आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे गांधीजींना भेटले, तेव्हा त्यांच्यापाशी असाच लहानसा कॅमेरा होता. आणि काही तासांनी बिर्ला भवनाच्या फाटकावरून पंडितजी लोकांना ती भयंकर बातमी सांगत असतानाचे चित्र रात्रीच्या अपुऱ्या उजेडात त्यांनी टिपले. ते काहीसे अस्पष्ट आहे. पण हमालाच्या डोक्यावरून आलेल्या कॅमेऱ्याने ते निघाले असते असे आम्हांस वाटत नाही.

तर वाचकांनी लक्षात घ्यावे की ज्या २४ बाय ३६ ला आज 'फुल फ्रेम' म्हणून मोठ्या आदराने संबोधितात, ती चौकट जन्मली तेव्हा 'बच्चा' समजली जात होती. पूर्ण आणि अपूर्ण हे शब्द येथे रूढीचे आहेत, निसर्गाचे नाहीत. जपानातील ऑलिंपसने १९५९ साली 'पेन' नावाच्या कॅमेऱ्यात पुन्हा सिनेमाचीच १८ बाय २४ ची चौकट वापरून ३६ चित्रांच्या रिळातून ७२ चित्रे काढण्याची सोय केली, आणि काटकसरी लोकांनी ती आनंदाने उचलली.

आता डिजिटल युगातली मापे. १९९६ साली कोडॅक, फुजी, कॅनन, निकॉन आणि मिनोल्टा या पाच कंपन्यांनी मिळून 'ॲडव्हान्स्ड फोटो सिस्टिम' म्हणजे एपीएस नावाची एक नवी फिल्म काढली. तिच्यात तीन चौकटी निवडता येत. त्यांतली 'सी' म्हणजे 'क्लासिक' चौकट सुमारे २५ बाय १६.७ मिलीमीटर होती. ही फिल्म फारशी रुजलीच नाही. २००४ मध्ये कोडॅकने तिचे कॅमेरे बंद केले आणि २०११ पर्यंत फिल्मही संपली. परंतु १९९९ मध्ये निकॉनचा डी-१ आला, त्याचा सेन्सर २३.७ बाय १५.६ मिलीमीटरचा, म्हणजे त्या मेलेल्या फिल्मच्या 'सी' चौकटीच्या जवळपास, आणि म्हणून या मापाला 'एपीएस-सी' हे नाव चिकटले. नाव सांगणारी वस्तू गेली, नाव राहिले.

सेन्सर एवढा लहान का केला, हे समजण्यास स्वयंपाकघरात जावे. सेन्सर सिलिकनच्या गोल चकतीतून कापतात. थाळीत नारळाच्या वड्या थापल्या म्हणजे लहान वड्या पुष्कळ निघतात आणि काठाचा चुरा थोडा राहतो. मोठ्या वड्या पाडल्या तर काठाला पुष्कळ वाया जाते. शिवाय एखादा खडा आलाच, तर लहान वडी एकच फुकट जाते, मोठीत मात्र खड्याबरोबर पुष्कळ खोबरे जाते. त्यातही मोठा सेन्सर छपाईच्या यंत्रात एका दमात छापता येत नसे, तो तुकड्यातुकड्यांनी छापून सांधावा लागे. म्हणून २००२ मध्ये कॅननने फुल फ्रेमचा डिजिटल कॅमेरा काढला, तेव्हा त्याची किंमत सुमारे आठ हजार डॉलर होती. लहान माप ही प्रथम कलेची नव्हे, किमतीची निवड होती.

'फोर थर्ड्स'ची कथा तर याहून चमत्कारिक. २००३ साली ऑलिंपसने ई-१ या कॅमेऱ्याबरोबर कोडॅकच्या सहकार्याने जे माप रूढ केले ते १७.३ बाय १३ मिलीमीटर. त्याचा कर्ण सुमारे २१.६ मिलीमीटर, मग 'चार तृतीयांश इंच', म्हणजे जवळजवळ ३४ मिलीमीटर, हे कशाचे माप? ते आहे दूरदर्शनच्या जुन्या कॅमेऱ्यांतील काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचे! त्या नळीतली चित्राची उपयुक्त जागा व्यासाच्या सुमारे दोन तृतीयांश असे. नळ्या इतिहासजमा झाल्या, पण धंद्याने मोजणी सोडली नाही. 'एक इंची' म्हणून विकला जाणारा सेन्सरही याच न्यायाने १३.२ बाय ८.८ मिलीमीटरचा असतो, आणि त्याची एकही बाजू इंचभर नसते. सरकारी खात्यांत जुनी नमुन्याची कागदपत्रे कशी चालू राहतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

तथापि मापाला अर्थ नाही असे कोणी समजू नये. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलीमीटर, एपीएस-सीचे कंपनीनुसार ३३० ते ३७० च्या दरम्यान, फोर थर्ड्सचे २२५. पाऊस सर्वत्र सारखा पडत असला तरी परातीत वाटीपेक्षा पाणी अधिक साठते. त्याचप्रमाणे भिंगाचा एफ आकडा आणि वेळ सारखीच ठेवली, तर फुल फ्रेमवर फोर थर्ड्सच्या जवळजवळ चौपट प्रकाश गोळा होतो. अंधाऱ्या मंगल कार्यालयात चित्रावर जी वाळू पसरल्यासारखी दिसते ती मोठ्या सेन्सरवर कमी असते, याचे मुख्य कारण हेच. पण दुकानदार सांगत नाहीत ती गोष्ट पुढे आहे. फोर थर्ड्सवरील २५ मिलीमीटर एफ १.४ ही लेन्स आणि फुल फ्रेमवरील ५० मिलीमीटर एफ २.८ ही लेन्स घ्या. दोघींची नजर जवळपास सारखी, दोघींच्या छिद्राचा व्यास सुमारे १८ मिलीमीटर, आणि दोघी एकाच वेळात सेन्सरला जवळजवळ तेवढाच प्रकाश पोचवितात. म्हणजे जेवढे भोक तेवढा उजेड. सेन्सर हे ताट आहे. वाढणारा हात लेन्सचा.

भरतपूरच्या पाणथळीत पक्षी टिपावयास जाणाऱ्याने हा हिशेब असा मांडावा. फोर थर्ड्सवर ३०० मिलीमीटर एफ ४ ची लेन्स पक्षी तेवढाच जवळ आणते जेवढा फुल फ्रेमवर ६०० मिलीमीटरची आणते. ऑलिंपसची अशी लेन्स तिपाईचे कडे काढल्यास सव्वा किलोच्या आसपास भरते. सोनीची ६०० मिलीमीटर एफ ४ ची तीन किलोंच्या वर. परंतु पहिलीचे छिद्र ७५ मिलीमीटर आणि दुसरीचे १५०, म्हणजे प्रकाश चौपट. पावणेदोन किलोंचे ओझे दिले आणि चौपट उजेड घेतला, असा हा उघड सौदा आहे. साठीला आलेल्या खांद्याने कोणत्या बाजूस झुकावे हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही कोठे झुकलो हे सांगावयास नको, बार्नाकच्या दम्याविषयी आम्हांस पहिल्यापासूनच सहानुभूती आहे.

येथवर ते ताट झाले. आता पेढीच्या शब्दाकडे वळू.

बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्याच्या तोंडाशी जे धातूचे कडे असते त्याला माउंट म्हणतात. ग्राहक कॅमेरा घेतो तेव्हा तो खरोखर या कड्याशी सोयरीक करीत असतो. कारण कॅमेरे पाच-सात वर्षांत जुने होतात, लेन्स तीस वर्षे चालतात. निकॉनने १९५९ साली 'एफ' कॅमेऱ्याबरोबर जे माउंट आणले ते साठ वर्षांहून अधिक काळ बाह्यतः तेच ठेवले, आणि याचा त्या कंपनीला सार्थ अभिमान आहे. मात्र शब्द पाळला तो अक्षरशः. भाव प्रत्येक वेळी पाळला असे नव्हे. १९७७ मध्ये आतील जोडणी बदलली, १९८६ मध्ये स्वयंचलित केंद्रण आले तेव्हा त्याची मोटार कॅमेऱ्यात बसविली, आणि २००६ मध्ये डी-४० या स्वस्त कॅमेऱ्यातून ती मोटार काढून टाकली. लेन्स बसे, पण आपोआप केंद्रित होत नसे. सासरी नांदते आहे, पण कोणी बोलत नाही, असा तो प्रकार.

कॅननने उलट वाट धरली. १९७१ पासून चाललेले आपले एफडी माउंट १९८७ साली सरळ मोडीत काढून पूर्णपणे विजेच्या संदेशांवर चालणारे, रुंद तोंडाचे ईएफ माउंट आणले. ज्यांनी एफडीच्या लेन्स पोटाला चिमटा घेऊन जमविल्या होत्या त्यांना हा विश्वासघातच वाटला, आणि तो तसा होताही. परंतु पुढच्या दहा-पंधरा वर्षांत क्रीडांगणांच्या कडेला त्याच कंपनीच्या पांढऱ्या लेन्स अधिकाधिक दिसू लागल्या. ज्याने शब्द मोडला तो पुढे गेला, ज्याने राखला त्याला तो राखताना कसरत करावी लागली. म्हणून 'अमुक छाप विश्वासू' असे एका वाक्यात म्हणणारांवर आमचा विश्वास नाही.

मिररलेसच्या आगमनाने हा प्रश्न सर्वांवर एकदमच आला. आरशाच्या कॅमेऱ्यात आरशाला वर-खाली होण्यास जागा लागते. त्यामुळे निकॉन एफमध्ये कड्यापासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलीमीटर अंतर ठेवावे लागले. सेन्सर स्वतःच चित्र दाखवू लागल्यावर आरसा निरुपयोगी झाला. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्सची घोषणा केली आणि पॅनासॉनिकचा जी-१ त्याच वर्षी आला. मग सॅमसंग आणि सोनी २०१० मध्ये, निकॉन २०११ मध्ये एक इंची सेन्सर घेऊन, फुजी आणि कॅनन २०१२ मध्ये, असे सारे मैदानात उतरले. २०१३ मध्ये सोनीने ए-७ मालिकेत २४ बाय ३६ ची चौकट बिनआरशाच्या लहान कॅमेऱ्यात बसविली. बार्नाकच्या पहिल्या नमुन्याला तेव्हा सुमारे शंभर वर्षे होत होती. २०१८ मध्ये निकॉनने १६ मिलीमीटर अंतराचे झेड माउंट आणि कॅननने २० मिलीमीटरचे आरएफ काढून आपापली जुनी घरे सोडली.

या दहा वर्षांत कोणकोण बुडाले ते पाहण्यासारखे आहे. सॅमसंगचा एनएक्स-१ हा २०१४ चा कॅमेरा त्या वेळच्या उत्तमांत गणला जाई. कंपनीकडे पैशाला तोटा नव्हता. तरीही थोड्याच वर्षांत तिने हा धंदा गाजावाजा न करता आवरला. निकॉनने आपली एक इंची मालिका २०१८ मध्ये आणि कॅननने आपली ईओएस-एम मालिका २०२३ मध्ये बंद केली. दोन्ही कंपन्या जोरात चालू आहेत, निराधार झाले ते ग्राहक. याच्या उलट ऑलिंपस. त्या कंपनीने १ जानेवारी २०२१ पासून कॅमेऱ्याचा व्यवसायच दुसऱ्याच्या हवाली केला. आता सारे संपले असे लोक म्हणू लागले, पण मायक्रो फोर थर्ड्स बुडाले नाही. ते एकट्या ऑलिंपसचे नव्हतेच. पॅनासॉनिक त्यात होती, इतर अनेक लेन्सवाले त्यात होते, आणि नवी ओएम कंपनी त्याच कड्याचे कॅमेरे काढीत राहिली. सोनीने २०११ मध्येच आपल्या ई माउंटची मूलभूत माहिती इतर लेन्सवाल्यांना विनाशुल्क देऊ केली, आणि त्या माउंटच्या लेन्सची रास वाढण्यास त्याचा मोठा हातभार लागला. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये एल माउंटवर एकत्र येण्याचा करार केला. कॅननने आरएफचे दार बरेच दिवस लावून ठेवले होते. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांना एपीएस-सीच्या लेन्सपुरते ते किलकिले झाले.

आमच्या स्नेह्यांना आम्ही हेच लिहिले. पेढी केवढी मोठी आहे हे विचारू नका. त्या कड्यावर आणखी किती जणांचे पोट अवलंबून आहे ते विचारा. एकखांबी तंबूपेक्षा चार खांबांची ओसरी बरी, मग त्यातला एखादा खांब मोठ्या घराण्याचा नसला तरी चालेल.

एक गोष्ट मात्र पत्रात लिहिण्याचे राहून गेले. मिररलेसमध्ये अंतर आखूड झाल्यामुळे एक अनपेक्षित उपकार घडला. जुन्या कोणत्याही आरसा-कॅमेऱ्याची लेन्स मधे एक पोकळ कडे घालून या नव्या कॅमेऱ्यावर बसविता येते. कॅननने १९८७ मध्ये वाऱ्यावर सोडलेल्या एफडी लेन्सना अशा रीतीने वीस-बावीस वर्षांनी पुन्हा आसरा मिळाला, आणि तोही पुष्कळदा प्रतिस्पर्ध्याच्या घरी. १९३० च्या दशकातल्या आटे असलेल्या लायकाच्या लेन्सही तशाच चालतात. हे शक्य झाले कारण त्या हाताने फिरवावयाच्या होत्या. त्यांतले छिद्र आणि केंद्रण कोणाच्या परवानगीवाचून चालत होते. आजच्या बहुतेक मिररलेस लेन्सचे केंद्रणाचे कडे फिरविले तरी आत काही थेट फिरत नाही. ते कॅमेऱ्याला विनंती करते, आणि कॅमेरा लेन्समधील मोटारीला हुकूम देतो. तो कॅमेरा नाहीसा झाला, की लेन्स म्हणजे काचेचा एक बंद डबा.

आमच्या ट्रंकेत सध्या दोन लेन्स शेजारी शेजारी आहेत. एक वडिलांनी घेतलेली पितळी, तिच्या कड्यावरचे आकडे अर्धे पुसले गेले आहेत. दुसरी आम्ही हौसेने घेतलेली, डब्यासकट नवी कोरी दिसणारी, जिच्या कंपनीचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. गेल्या दिवाळीला अंगणातल्या पणत्यांचे चित्र काढावयास बसलो, तेव्हा पितळी लेन्स एका स्वस्त कड्याच्या आधाराने नव्या कॅमेऱ्यावर बसली. दुसरी पुन्हा कापडात गुंडाळून ठेवली.